वॉशिंग मशीन, इस्त्री आणि अर्थिंग : पुण्यात नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठी

कोथरूडमध्ये मी पहिल्यांदा भाड्याने जागा घेतली तेव्हा ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन होते आणि मशीनच्या शेजारी रबरी स्लिपरचा एक जोड ठेवलेला होता. किल्ल्या हाती देताना घरमालकांनी पाण्याची वेळ सांगितली, गॅसचा कॉक दाखवला आणि शेवटी अगदी सहज म्हणाले, की मशीनला हात लावताना तेवढी चप्पल पायात असू द्या, जराशी चुणचुण येते. त्या घरात अर्थिंगचे (म्हणजे पत्र्यावर आलेला करंट वायरने जमिनीत नेणाऱ्या जोडणीचे) काम ती स्लिपर करत होती, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात येऊन पहिल्यांदाच स्वतःचे घर चालवणाऱ्यांना मशीन कसे लावावे, इस्त्री कशी वापरावी आणि काय पाहून घ्यावे, हे क्रमाने सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम त्या चुणचुणीचा अर्थ समजून घ्यावा. आजच्या मशीनमध्ये वायर आत शिरते त्या जागी एक फिल्टर असतो आणि त्यातले छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एका बाजूने फेज (वीज आणणारी वायर) व न्यूट्रल (ती परत नेणारी वायर) यांना आणि दुसऱ्या बाजूने मशीनच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यातून झिरपणारा अगदी किरकोळ करंट अर्थच्या वायरने निघून जातो आणि आपल्याला काहीही जाणवत नाही. अर्थची वायर कुठे तुटलेली असेल, किंवा मुळात जोडलेलीच नसेल, तर तोच पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. टेस्टर लावला तर त्याचा दिवा लागतो आणि ओल्या हाताला झिणझिण्या येतात. हा करंट इतका थोडा असतो की एरवी त्याने जीव जात नाही, आणि म्हणूनच माणसे त्याला सरावतात. मात्र ज्या दिवशी मोटरचे वाइंडिंग किंवा पाणी तापवणारी कॉइल आतून पत्र्याला टेकेल, त्या दिवशी त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि त्या करंटला जमिनीत जायला ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाखेरीज दुसरी वाट नसेल. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण १००० ओहम धरला तर २३० मिलीअँपिअर करंट वाहू शकतो. सुमारे १० मिलीअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते, हे लक्षात घेतले म्हणजे चपलेच्या भरवशावर राहण्यात काय धोका आहे ते कळेल.

मशीन येण्यापूर्वी पॉइंट पाहावा

पहिली पायरी म्हणजे मशीन जिथे ठेवायचे तिथला पॉइंट पाहणे. आपल्याकडे तीन पिनांचे दोन आकार चालतात. लहान ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा, ज्याला दुकानदार आणि वायरमन अजूनही ‘पंधरा अँपिअरचा’ किंवा ‘पॉवर पॉइंट’ म्हणतात. पाणी तापवणारे फ्रंट लोड मशीन सुमारे २००० वॅट, म्हणजे जवळपास ९ अँपिअर घेते, त्यामुळे त्याला मोठा पॉइंटच लागतो. सेमी ऑटोमॅटिक मशीन याच्या एक चतुर्थांशही घेत नाही, पण पाण्याशी त्याचा संबंध उलट जास्त येतो, तेव्हा वॅट कमी म्हणून बेफिकीर राहू नये. पॉइंटपर्यंत आलेली तांब्याची वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी आणि डीबीत (घरातले सगळे खटके असतात त्या बोर्डात) तिचा स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा खटका) असावा. दिव्यांसाठी टाकलेल्या १.५ च्या वायरवरून कोणी नंतर ‘पॉइंट काढून’ दिला असेल, तर वरचा सॉकेट कितीही नवा दिसला तरी त्याला पॉवर पॉइंट मानू नये. हे ओळखायला डीबीतला एकेक एमसीबी खाली करून पाहावा. मशीनच्या पॉइंटसोबत बाल्कनीचा दिवा आणि स्वयंपाकघरातला पंखाही बंद पडला, तर वायरमनला बोलवावे.

मोठ्या पिनचा प्लग लहान सॉकेटात बसावा म्हणून मिळणारा कन्व्हर्जन प्लग मशीनसाठी कधीही वापरू नये. एक्स्टेंशन बोर्डाचेही तेच. त्याची वायर बहुधा बारीक असते, त्यातले पत्रे सैल असतात, आणि तो पडलेला असतो नेमका त्या फरशीवर जिथे मशीनचे पाणी सांडते. नळी किंवा वायर पुरत नसेल तर मशीन हलवावे, नाहीतर पॉइंट हलवून घ्यावा.

सैल सॉकेटकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, म्हणून त्याचे गणित मांडतो. पिन आणि सॉकेटमधला पत्रा नीट आवळत नसेल आणि त्या जागी केवळ ०.१ ओहमचा रोध निर्माण झाला असेल, तर ९ अँपिअर वाहताना तिथे ८ वॅट उष्णता तयार होते. वाटाण्याएवढ्या जागेत, चारही बाजूंनी प्लॅस्टिकने वेढलेली ८ वॅट उष्णता तासभर साठत राहिली की प्लॅस्टिक पिवळे, मग तपकिरी पडते आणि पितळी पिन काळवंडते. मशीन चालून थांबल्यावर, बटण बंद करून, कोरड्या हाताने प्लग काढावा आणि पिनांजवळ बोट लावून पाहावे. कोमट असेल तर चालेल, चटका बसत असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत. एकच बदलला तर जुन्याची सैल, काळी पडलेली पकड नव्यालाही बिघडवते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेचे सामान भरपूर मिळते, आणि स्वस्तातले हलके सामानही भरपूर मिळते. तेव्हा सॉकेट आणि प्लगटॉप घेताना आयएसआयचे चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक पाहून घ्यावा, वायर घेताना आयएस ६९४ (वायरचे भारतीय मानक) छापलेले आहे की नाही ते पाहावे.

अर्थिंग आहे की नुसते छिद्र आहे

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावर थोडा वेळ घालवणे योग्य होईल. सॉकेटसमोर उभे राहिल्यास वरचे मोठे छिद्र अर्थचे असते, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे. प्लगची अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, जेणेकरून प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. पण छिद्र आहे म्हणजे त्यामागे वायर आहे असे नव्हे. भाड्याच्या घरांत त्या छिद्रामागे काहीच नसल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

टेस्टरने ही खात्री अर्धीच होते. मशीनच्या पत्र्याला लावल्यावर टेस्टर पेटला तर अर्थिंग नाही हे जवळजवळ नक्की, परंतु पेटला नाही म्हणून अर्थिंग चांगले आहे असे म्हणता येत नाही. तीन छोटे दिवे असलेला सॉकेट टेस्टर प्लगसारखा खोचता येतो. तो अर्थ जोडलेला आहे का आणि फेज-न्यूट्रल उलटे झालेले नाहीत ना, एवढे नवख्या माणसालाही सांगतो. त्याचीही मर्यादा आहे. अर्थ किती चांगला आहे हे तो सांगत नाही, आणि न्यूट्रल व अर्थ यांची अदलाबदल झाली असेल तर त्याला ती कळत नाही. त्यामुळे घर ताब्यात घेताना एकदा परवानाधारक वायरमनकडून मीटरने तपासणी करून घ्यावी.

येथे एका जुगाडाविषयी स्पष्टच सांगितले पाहिजे. अर्थची वायर मिळत नाही असे दिसले की काही कारागीर सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. त्याने चुणचुण थांबते, टेस्टर विझतो, सॉकेट टेस्टरवरचे दिवे बरोबर लागतात आणि सगळे समाधानी होतात. पुढे कधीतरी वाटेत कुठे न्यूट्रल सुटतो, किंवा मीटरपाशी दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले जातात, आणि त्याक्षणी मशीनचा सबंध पत्रा थेट फेजला जोडला जातो. अर्थिंग नसलेले मशीन बिघडल्यावर धोक्याचे होते. असे जोडलेले मशीन मात्र स्वतः ठणठणीत असूनही जीव घेऊ शकते. कारागिराने ‘आतूनच करून दिले’ असे सांगितले, तर काय केले ते सॉकेट उघडून दाखवायला लावावे.

अर्थिंगचा दुसरा शेवट इमारतीच्या खाली, मीटर रूमजवळच्या अर्थपिटमध्ये (अर्थची जोडणी जमिनीत पुरलेल्या खड्ड्यात) असतो. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची. त्यापुढची वायरिंग आणि अर्थिंग सांभाळणे हे घरमालकाचे आणि सोसायटीचे काम आहे. पुण्याच्या पुष्कळ भागांत मुरुमाखाली थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो, आणि दगडातून वीज जमिनीत सहज मुरत नाही. मीठ-कोळसा घालून केलेला जुन्या पद्धतीचा अर्थपिट एप्रिल-मे महिन्यांत कोरडा पडला की त्याचा रोध आणखी चढतो. आमच्या सोसायटीत बाग शिंपायला माणूस होता, पण चेंबरचे झाकण उघडून अर्थपिटमध्ये दोन बादल्या पाणी ओतायचे असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या इमारतीत हा पिट कुठे आहे, आणि त्याचा रोध शेवटचा कधी मोजला, हे समितीला विचारण्याचा भाडेकरूलाही पूर्ण हक्क आहे.

एमसीबी पुरेसा नाही

पुष्कळांची समजूत असते की शॉक लागला तर एमसीबी पडेल. एमसीबी वायर तापून जळू नये म्हणून असतो. माणसाला वाचवण्याचे काम ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचे, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचे, ज्याला बोलताना बहुतेक जण अजूनही ईएलसीबी म्हणतात. १६ अँपिअर म्हणजे ३० मिलीअँपिअरच्या पाचशे पटींहून अधिक, म्हणजे माणसाच्या शरीरातून वाहणारा करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो.

इतकेच नव्हे, तर अर्थिंग बऱ्यापैकी असतानाही एकटा एमसीबी कसा अपुरा पडतो ते पाहावे. समजा अर्थपिटचा रोध ५ ओहम आहे, जो वाईट मानला जात नाही, आणि मशीनमधला फेज पत्र्याला टेकला. ओहमच्या नियमाने ४६ अँपिअर करंट जमिनीत जाईल. घरांत सर्रास बसवलेला सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो आतली पट्टी तापल्यावर पडेल, म्हणजे काही सेकंदांनी, आणि तेवढा वेळ मशीनचा पत्रा जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर राहील. आरसीसीबी मात्र फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट सतत ताडून पाहतो आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला तरी सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत पुरवठा तोडतो. आपल्या खडकाळ जमिनीवरच्या इमारतींत म्हणूनच तो अत्यावश्यक समजावा.

डीबीवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले बटण असलेला रुंद स्विच म्हणजे आरसीसीबी. घर ताब्यात घेताना ते बटण दाबून पाहावे, खटका ताबडतोब पडला पाहिजे. पुढेही महिन्यातून एकदा दाबावे. वीजबिल भरण्याचा दिवस त्यासाठी मी ठरवून ठेवला आहे. या बटणाने फक्त खटक्याची यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नव्हे. नव्या इन्व्हर्टर मोटरच्या मशीनसाठी नवा आरसीसीबी घ्यायचाच असेल तर ‘ए’ प्रकारचा मागावा, कारण इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून गळणारा डीसी मिसळलेला करंट साध्या ‘एसी’ प्रकाराला नीट ओळखता येत नाही. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल अशा स्थितीत सापडलेल्या माणसाला आरसीसीबीही वाचवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी गेलेला करंट परत आलेला असतो.

आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून सरळ वायर जोडून घेणे हा अक्षम्य प्रकार आहे, आणि तो होतो. त्याऐवजी तो कधी पडतो हे पाहावे. मशीन गार पाण्यात बिनतक्रार चालते आणि गरम पाण्याचा प्रोग्राम लावला की पाच-दहा मिनिटांत खटका पडतो, असे असेल तर दोष बहुतेक वेळा कॉइलमध्ये असतो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याची खर (क्षारांचा थर) कॉइलवर थरावर थर बसते, कॉइल प्रमाणाबाहेर तापते, तिच्या बाहेरच्या नळीला तडा जातो आणि पाणी आत शिरून करंट अर्थकडे गळू लागतो. कॉइल बदलली की तक्रार संपते. जिथे टँकरवर भिस्त आहे, तिथे खर काढणारी पावडर घालून रिकामे मशीन दोन-तीन महिन्यांनी चालवावे. खटका केवळ पावसाळ्यातच पडत असेल तर ओलसर सॉकेटवर संशय घ्यावा. मशीनखाली सांडलेल्या धुण्याच्या पावडरचा ओलावा, उंदरांचा वावर आणि कुरतडलेली वायर हे त्रिकूटही तळमजल्यावर नेहमी आढळते. मशीनच्या तळाला जाळी बसवून मिळते.

जागा, इस्त्री आणि कपडे वाळत घालणे

ड्राय बाल्कनी हा बिल्डरांचा शब्द, आणि जुलैच्या तिरक्या पावसात त्यातला पहिला शब्द फारसा खरा राहत नाही. पावसाची झड जिथवर येते तिथे सॉकेट नसावा, असल्यास त्याला झाकण असावे, आणि तो मशीनच्या नळापेक्षा वर व बाजूला असावा, म्हणजे नळाची जोडणी गळली तरी पाणी त्यावर पडणार नाही. बाथरूममध्ये सेमी ऑटोमॅटिक ठेवायचे असेल तर पॉइंट बाथरूमच्या बाहेर घ्यावा. टबात हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढण्याची सवय लावावी, आणि प्लग काढला तरी मागचे झाकण स्वतः उघडू नये, कारण कपॅसिटर काही काळ भरलेले राहू शकतात.

साधी इस्त्री ७५० ते १००० वॅटची असते आणि तिला लहान पॉइंट चालतो. वाफेच्या मोठ्या इस्त्रीला मोठा लागतो. वायर इस्त्रीत शिरते तिथेच ती सारखी वाकून आतून तुटते, म्हणून कापडी वेष्टन उसवले, ठिणगी दिसली किंवा इस्त्री हलवली की दिवा लुकलुकू लागला, तर चिकटपट्टी न लावता वायर बदलावी. वाफेच्या इस्त्रीत पाणी प्लग काढूनच भरावे. वीज गेल्यावर इस्त्री तशीच कपड्यावर ठेवून उठू नये, कारण वीज परत येते तेव्हा आपण घरात असूच असे नाही.

कपडे वाळत घालण्याचा विषय वेगळा वाटेल, पण पावसाळ्यातल्या अपघातांचे ते एक नेहमीचे कारण आहे. बैठ्या चाळींत आणि पत्र्याच्या खोल्यांत लोखंडी तार एका टोकाला पत्र्याच्या आकड्याला बांधलेली असते आणि खांबावरून आलेली सर्व्हिस वायर त्याच आकड्याला टेकलेली असते. वाऱ्याने घासून वेष्टन सोलवटले की पत्रा, तार आणि ओली चादर असे सगळेच जिवंत होते. तार काढून नायलॉनची दोरी बांधावी, आणि सर्व्हिस वायर पत्र्याला टेकलेली दिसली तर स्वतः हात न लावता महावितरणला १९१२ वर कळवावे. गॅलरीबाहेर स्टीलचा दांडा काढून कपडे टाकणाऱ्यांनी समोरून उच्चदाब वाहिनी जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय दांडा हलवू नये.

सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन) राहणाऱ्यांची अडचण निराळी आहे. तिथे अनेकदा दोनच वायरी आणि किटकॅट फ्यूज (तार बसवायचे जुने चिनी मातीचे फ्यूज) असतात, अर्थ नसतोच. अशा खोलीत मशीन आणण्याआधी मालकांशी बोलून मीटरपासून अर्थची वायर ओढून घ्यावी. ते होईपर्यंत निदान आरसीसीबी तरी बसवावा. अर्थ नसतानाही तो काम करतो, फक्त शरीरातून करंट जाऊ लागल्यावर पडतो, म्हणजे झटका जाणवतो पण माणूस सुटतो. पाणी तापवायला रॉड वापरणाऱ्यांनी लोखंडी बादली टाळावी आणि पाण्यात बोट घालून पाहण्यापूर्वी प्लग काढावा.

शॉक लागल्यास

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये. आधी मेन स्विच खाली करावा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवावे. मेन सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याचा हात दूर सारावा. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू नसेल आणि माणूस प्रतिसाद देत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. माणूस लगेच सावरला, हसून उठून बसला, तरीही त्याला डॉक्टरांकडे नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. मशीनचा प्लग काढून ठेवावा आणि वायरमनने येऊन पाहीपर्यंत तो पुन्हा लावू नये.